दुसऱ्या स्टेशनावर कोण?

इंग्लंडमधल्या मॉडेल रेल्वेचा इतिहास वाचायला घेतला की त्यात पाद्री फार भेटतात. रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव. १९४५ साली त्यांचं ‘द थ्री रेल्वे इंजिन्स’ आलं आणि त्याच मालिकेतून पुढे थॉमस नावाचं निळं इंजिन जगभरच्या मुलांच्या ओळखीचं झालं. ऑड्री नुसत्या गोष्टी सांगत नव्हते. गोष्टीतल्या बेटावरचं स्टेशन त्यांनी मापात बांधलं, त्यावर गाड्या चालवल्या आणि प्रदर्शनांतून लोकांना दाखवल्या. त्यांचे मित्र रेव्हरंड टेडी बॉस्टन हे लेस्टरशरमधल्या कॅडबी गावचे पाद्री. चर्चने दिलेल्या घराच्या बागेत त्यांनी दोन फुटी रुळांची खरीखुरी वाफेची गाडी घातली होती, आणि मॉडेलची रेल्वे वेगळी. तिसरे रेव्हरंड पीटर डेनी. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ‘बकिंगहॅम’ नावाचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेली छोटी रेल्वे, बांधायला घेतला आणि जन्मभर तोच बांधत, मोडत, पुन्हा बांधत राहिले. ग्रेट सेंट्रल रेल्वेची बकिंगहॅम गावाला जाणारी एक काल्पनिक शाखा, काळ १९०७ च्या सुमाराचा, सगळं हाताने केलेलं. त्यांच्या पश्चात तो लेआउट दुसऱ्यांच्या हाती गेला आणि चालत राहिला.

देवाचं काम करणारी ही माणसं घरी येऊन छोट्या गाड्या का चालवत असतील? याला एक तयार उत्तर मिळतं: माणसाला देव व्हायची हौस असते. आपलं जग, आपला डोंगर, आपली माणसं, हवं तेव्हा दिवस, हवी तेव्हा रात्र. मला हे उत्तर पटत नाही. ज्याने लेआउट नुसता पाहिला आहे तो असं म्हणेल. ज्याने तो वेळापत्रकाने चालवला आहे त्याचा अनुभव जवळजवळ उलटा असतो.

मी रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालो. राहतो सोलापुरात. गच्चीवरच्या दोन खोल्यांत माझा लेआउट आहे. बार्शी लाइट रेल्वेचा. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन १८९७ ला सुरू झाली आणि वाढत वाढत एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला पंढरपूर करत मिरजेला पोचली. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने ती आखली, आणि त्याचा आग्रह असा की इंजिन असो की मालडबा, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. म्हणजे हलके रूळ चालतात, खर्च उतरतो, आणि ज्या मुलखाला मोठी लाइन कुणी दिली नसती त्या मुलखात गाडी जाते. आषाढी-कार्तिकीला या गाडीने किती माणसं वाहिली ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. माझी आजी याच गाडीने पंढरपूरला जायची. आता सगळी लाइन मोठी झाली. छोटी माझ्या गच्चीवर आहे.

माप १:८७. ७६२ भागिले ८७ केले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणून ९ मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. एका खोलीत कुर्डुवाडी, दुसऱ्या खोलीत पंढरपूर, आणि मधल्या भिंतीला भोक पाडून त्यातून लाइन नेलेली.

आता ‘देव होण्या’विषयी. हे जग मी केलं म्हणतो, पण त्यातलं मी नक्की काय केलं? अंतर मी ८७ ने भागू शकतो. पण कुर्डुवाडी ते पंढरपूर खरं अंतर पन्नासेक किलोमीटर. भागूनसुद्धा जवळजवळ सहाशे मीटर उरतात आणि माझ्याकडे दोन खोल्या आहेत. वजन ८७ ने भागून भागत नाही, ते ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून मोठ्या आकड्याने भागावं लागतं. तीस टनांचं इंजिन माझ्या मापात पंचेचाळीस ग्रॅमचं होतं. एवढ्या हलक्या इंजिनाचं चाक रुळाला नीट टेकत नाही, वीज धरत नाही, म्हणून बॉयलरच्या पोटात शिसं भरायचं. गुरुत्वाकर्षण तर मला कमी करताच येत नाही. खेळण्यातला डबाही खऱ्या डब्याच्याच त्वरेने खाली पडतो. पाणी लहान होत नाही. धूळ लहान होत नाही, आणि सोलापूरची धूळ तर नाहीच. रोज अल्कोहोलच्या बोळ्याने रूळ पुसल्याशिवाय गाडी हलत नाही.

न्याय-वैशेषिक दर्शनांनी ईश्वर असाच, हाती आलेल्या सामग्रीवर काम करणारा, मानला आहे. परमाणू नित्य आहेत, जीव नित्य आहेत, जिवांचं अदृष्ट, म्हणजे साठलेलं कर्मफळ, आहे. ईश्वर हे सगळं निर्माण करत नाही, जुळवतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त ज्या ईश्वराची सिद्धी मांडली तो असा निमित्तकारण ईश्वर आहे. वेदान्त्यांना हा ईश्वर फार अपुरा वाटला. बाहेरून आलेल्या सामग्रीवर अवलंबून राहील तो ईश्वर कसला, असं ते म्हणतात. त्यांच्या मते जगाची सामग्रीही तोच आणि घडवणाराही तोच. वाद म्हणून वेदान्त्यांची बाजू बळकट आहे, हे मला मान्य आहे. पण हाताने काम करणाऱ्या माणसाला नैयायिकांचा ईश्वर जवळचा वाटतो, कारण त्याला नाही म्हणणारं काहीतरी समोर आहे. जे मुळीच नाही म्हणत नाही त्याच्यावर प्रेम कसं करायचं हे मला कळत नाही.

हे झालं घडवण्याचं. चालवण्याची गोष्ट याहून मोठी आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. मी अनेकदा गेलो आहे आणि दर वेळी लहान मुलांच्या मागे उभा राहून पाहिलं आहे. दिवे मालवतात, गाव उजळतं, गाड्या एकमेकींना ओलांडून जातात, आणि हे सारं एका फलकावरून चालतं. एका माणसाने आयुष्य घालून उभं केलेलं हे काम आहे; महाराष्ट्रात या छंदाचं नाव घ्यायचं तर त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. पण तो प्रयोग आहे, प्रेक्षकांसाठी आहे. घरी चालवण्याचा प्रकार निराळा. डेनींनी बकिंगहॅमवर जे केलं ते असं: वेळापत्रक लिहायचं, दोन स्टेशनांमध्ये घंट्या बसवायच्या, प्रत्येक स्टेशनावर एक माणूस उभा करायचा, आणि मग खऱ्या रेल्वेप्रमाणे विचारून, परवानगी घेऊन गाडी सोडायची. पाहणारा असो वा नसो.

मीही तसंच करतो. बार्शी लाइट छोटी असली तरी घंट्या मी माझ्या नोकरीतल्या मोठ्या लाइनीच्या घेतल्या, कारण त्या माझ्या बोटांत आहेत. एक ठोका: लक्ष दे. दोन: लाइन क्लिअर आहे का? तीन: गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, आली. चार: गाडी पोचली, सेक्शन मोकळा झाला. सहा: धोका, अडथळा आहे, थांबव. समोरच्याने तेवढेच ठोके परत द्यायचे, तेव्हाच निरोप पोचला असं धरायचं. दोन ठोक्यांना दोन ठोके आले नाहीत तर माझी गाडी माझ्या स्टेशनात उभी राहते. ती मी बांधली आहे, रूळ माझे आहेत, खोली माझी आहे, वीज मी भरतो, आणि तरीही ती उभी राहते.

पंढरपूरच्या खोलीत माझा मित्र बसतो. निवृत्त शंटर, गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी न चुकवलेला. भिंतीमुळे आम्ही एकमेकांना दिसत नाही. सुरुवातीला वायरिंग करून देणाऱ्या मुलाने सुचवलं होतं, “काका, दोन्ही स्टेशनं इथूनच कंट्रोल होतील असं मेन बटण देऊ का तुमच्याकडे?” मी नको म्हटलं. पंढरपूरचा कंट्रोलर वेगळा, पंढरपूरचे पॉइंट, म्हणजे रुळांचे सांधे, त्याच्या हातात, तिथल्या लूपमध्ये कुठली गाडी घ्यायची ते तो ठरवतो. लेआउट बांधताना मी जे जे केलं त्यात हे न बसवलेलं बटण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला स्वतःविषयी एक गोष्ट सांगतात. तिन्ही लोकांत मला मिळवायचं काही उरलेलं नाही, तरी मी कर्मात आहे. मी थांबलो तर हे लोक नष्ट होतील. वर्षानुवर्षं मी ते कर्तव्याचं शिक्षण म्हणून वाचलं. लेआउट चालवायला लागल्यावर त्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला काहीच मिळवायचं नाही तो नियमाबाहेर राहू शकला असता. तो नियमाच्या आत येऊन उभा राहतो. वेळापत्रक मीच लिहिलं म्हणून मी ते मोडू शकतो हे खरं. पण ज्या क्षणी मोडलं त्या क्षणी तिथे रेल्वे उरत नाही, नुसती हलणारी वस्तू उरते. खेळाचं सगळं अस्तित्व खेळणाऱ्याने स्वतःला बांधून घेण्यावर आहे. बाहेरच्याला जी सत्ता दिसते ती आतून पाहिली तर चाकरी आहे, आणि ती आनंदाची चाकरी आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा प्रश्न सरळच विचारला आहे. ईश्वर पूर्णकाम, त्याला काहीच कमी नाही, मग त्याने जग कशाला केलं? बत्तिसावं सूत्र हा आक्षेप मांडतं आणि तेहतिसावं उत्तर देतं की ही केवळ लीला. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. एक, सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा किंवा त्याचा अमात्य क्रीडावनात रमतो तसं. दोन, श्वास जसा कुठल्या हेतूवाचून स्वभावानेच चालतो तसं. रामानुजाचार्य चेंडू खेळणाऱ्या राजाचा दाखला देतात. या राजांनी मला कधी समाधान दिलं नाही. राजाची क्रीडा संपली की तो उठून जातो, आणि क्रीडावनाचं पुढे काय होतं याचं त्याला सोयरसुतक नसतं. श्वासाचा दाखला खोल आहे, पण त्यात दुसरा कुणी नाही. श्वास एकट्याचा चालतो. रेल्वे एकट्याची चालत नाही.

डेनींची एक हकीकत या छंदातल्या लोकांना ठाऊक आहे. त्यांच्या लेआउटवरचं एक स्टेशन त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळायचा. मुलगा शाळेत असला की गाड्या अडून बसायच्या. तेव्हा त्यांनी एक यंत्र बनवलं, जे मुलाच्या जागी त्याचं काम करील. त्या यंत्राला नाव पडलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. मोठ्या कल्पकतेचं काम होतं ते. आज संगणकाने जे सहज होतं ते त्या काळी हाताने जुळवलेल्या यंत्राने केलेलं. या यंत्राइतकं मला ईश्वरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाने विचारात पाडलेलं नाही. यंत्र वेळेवर असणार, कंटाळणार नाही, परीक्षेचा अभ्यास आहे म्हणणार नाही. सोय म्हणून ते मुलापेक्षा सरस. पण कुठल्या बापाला, मुलगा दारात उभा असताना, यंत्राबरोबर खेळावंसं वाटेल?

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात असं येतं की आरंभी आत्मा एकटाच होता, आणि एकट्याला रमेना. त्याने दुसऱ्याची इच्छा केली. पुढची सृष्टी तिथून. प्रयोजनाच्या प्रश्नाला यापेक्षा जवळचं उत्तर मला माहीत नाही. आणि ‘दुसरा’ म्हणजे जो खरोखर नाही म्हणू शकतो तो. ज्याच्याकडून दोन ठोके परत येतीलच याची खात्री आहे त्याला दोन ठोके देण्यात विचारणं नाही. माणसाला स्वातंत्र्य का दिलं, ते देऊन एवढा घोळ का ओढवून घेतला, या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला त्या यंत्राजवळ सापडतं. घोळ नको असता तर ऑटोमॅटिक क्रिस्पिनवर भागलं असतं.

१७१५-१६ मध्ये लायब्निझ आणि सॅम्युएल क्लार्क यांच्यात पत्रांतून मोठा वाद झाला. क्लार्क हे न्यूटनचे स्नेही, आणि तेही पाद्रीच. लायब्निझचा आक्षेप असा की न्यूटनचा देव कच्चा कारागीर आहे, त्याला आपल्या घड्याळाला मधून मधून किल्ली द्यावी लागते, दुरुस्ती करावी लागते. क्लार्कचं उत्तर असं की ज्या घड्याळाला कारागिराची गरजच नाही असं जग म्हणजे देवाला जगाबाहेर घालवण्याची वाट. दोघंही थोर, पण दोघांच्याही मनात चित्र एकच: एक कारागीर, एक वस्तू, आणि प्रश्न एवढाच की हात लावायचा की नाही. घंटीचा विचार दोघांनीही केला नाही. हात न लावता, बाहेरही न जाता, विचारून आणि उत्तराची वाट पाहून जगाशी नातं ठेवता येतं. माझ्या मित्राला मी एकदा हे सांगत होतो तर तो म्हणाला, “मास्तर, यात नवीन काय? आमचा विठोबा तेच करतोय की. पुंडलिकानं थांब म्हटलं, तो थांबला. अजून विटेवरच आहे.”

लेआउटवर मी देऊळ ठेवलेलं नाही. स्टेशन आहे, फलाट आहे, मालधक्का आहे, पताका घेतलेले वारकरी आहेत. देऊळ गावात आहे आणि गाव माझ्या फळीच्या बाहेर आहे. मित्राला आरंभी वाटायचं की निदान कळस तरी दिसावा. आता तो तसं म्हणत नाही. पंढरपुरात गाडी उभी राहिली की तो हात जोडतो आणि मग चार ठोके देतो. ते चार ठोके यायला जो किंचित उशीर होतो त्यावरून मला भिंतीपलीकडे कळतं की हात जोडून झाले.

आतापर्यंत मी लीलेच्या बाजूने बोललो. पण एक जागा अशी आहे की तिथे मी लीला हा शब्द उच्चारू देत नाही.

नोकरीत असताना आमच्या सेक्शनमध्ये एक गँगमन गाडीखाली गेला. पावसाळी पहाट होती. माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा, फलाटावर बसून माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तिथे जमलेल्यांतलं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणालं, “देवाची लीला, दुसरं काय?” हेतू सांत्वनाचाच होता. त्याच्या बायकोने मान वर केली नाही. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, नुसता संताप झाला होता. आज मी तो संताप शब्दांत मांडू शकतो.

ब्रह्मसूत्रांनी स्वतःच इथे फार काटेकोर वाट आखली आहे. तेहतिसाव्या सूत्रात लीला येते, आणि चौतिसावं लगेच विचारतं की मग ईश्वरावर पक्षपाताचा आणि क्रूरपणाचा, वैषम्याचा आणि नैर्घृण्याचा, आरोप येतो त्याचं काय? या प्रश्नाला सूत्रकार ‘लीला’ हे उत्तर देत नाहीत. देऊ शकले असते. शब्द हाताशी होता, एकच सूत्र मागे. त्यांनी तो तिथे वापरला नाही. म्हणजे लीला हे ‘जग का आहे’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘हा माणूस आज पहाटे का मेला’ या प्रश्नाचं ते उत्तर नाही आणि ज्यांनी सिद्धान्त मांडला त्यांनीही ते तसं धरलेलं नाही. दुःखाच्या घरी लीलेचं नाव घेणारा माणूस शास्त्रही चुकवतो आणि माणुसकीही.

चौतिसाव्या सूत्रात जे उत्तर आहे ते कर्माचं. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखा, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यामुळे. याचा अर्धा भाग माझ्या टेबलावर मी रोज पाहतो. १२ व्होल्टची वीज सगळ्या इंजिनांना सारखी जाते. एक सेकंदाला आठ सेंटिमीटरने, म्हणजे खऱ्या ताशी पंचवीस किलोमीटरने, संथ चालतं आणि दुसरं धक्के देत चालतं. दोष विजेचा नाही. चाकांमधलं आतलं अंतर दशांश मिलिमीटरने चुकलं की डबा पॉइंटवर उतरतो, आणि ते माप घेतलं की कारण सापडतं. पण दाखला इथेच संपतो. माझे वारकरी प्लॅस्टिकचे आहेत, त्यांना तहान नाही. माझ्या रुळावरून उतरलेल्या गाडीत कुणी मरत नाही. ज्या जगात दुखतं त्या जगाच्या कर्त्याविषयी, जिथे दुखत नाही अशा जगाचा कर्ता फार काही सांगू शकत नाही. लेआउट इथे अपुरा पडतो, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. आणि त्या बाईला तिच्या नवऱ्याचं पूर्वकर्म सांगणं हेही मला लीला सांगण्याइतकंच निर्दय वाटतं.

मग दुःखाला काय द्यायचं? रेल्वेने दिलेलं एक उत्तर माझ्यापाशी आहे. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ एक अपघात झाला. गाडी चर्चच्या संडे स्कूलच्या सहलीची, मुलांनी भरलेली. चढावर इंजिनाला ओढेना, म्हणून गाडी तोडून पुढचा भाग आधी न्यायचं ठरलं; मागचे डबे उतारावर घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं. तेव्हा त्या लाइनीवर पद्धत अशी होती की एक गाडी गेली की ठरावीक वेळ थांबायचं आणि दुसरी सोडायची. पुढची पोचली का, हे विचारायचं बंधन नव्हतं. देवाच्या शाळेतली मुलं देवाच्या सहलीत मेली, यावर प्रवचनं पुष्कळ झाली असतील. पण त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला: प्रवासी गाड्यांच्या लाइनीवर ब्लॉक पद्धत सक्तीची. समोरून लाइन क्लिअर आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ब्रेकही असा हवा की गाडी तुटली तर तो आपोआप लागेल.

माझ्या टेबलावरच्या त्या दोन ठोक्यांच्या मागे ही मुलं आहेत. आम्ही नोकरीत शिकलो ते नियमांचं पुस्तक असंच माणसं गमावून लिहिलं गेलं आहे. दुःखाचं स्पष्टीकरण त्यात कुठेच नाही; ते पुन्हा होऊ नये म्हणून कुणी कुणाला काय विचारायचं, एवढंच आहे. मला वाटतं, धर्मालाही दुःखापुढे याहून जास्त बोलण्याचा अधिकार नाही, आणि याहून कमी करण्याची मुभा नाही.

ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त जगाला भ्रम म्हणून बाजूला सारलं नाही. ते त्याला चैतन्याचा विलास मानतात, आणि ग्रंथाच्या आरंभीच शिव-शक्तीचं असं वर्णन करतात की दोघं एकच, पण प्रेमाच्या गोडीसाठी दोन. माझं लौकिक शिक्षण बेताचं आणि या ग्रंथाच्या तळाशी जाण्याची माझी तयारी नाही. पण दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या भोकातून गाडी पलीकडे जाते तेव्हा हा विचार मला परका वाटत नाही. रूळ एकच आहे. तो अखंड आहे. भिंत आहे म्हणून दोन स्टेशनं आहेत, आणि दोन स्टेशनं आहेत म्हणून गाडीला जायला ठिकाण आहे. अद्वैतात भक्ती कशी, हा पंडितांचा प्रश्न वारकऱ्यांना कधी अडला नाही, याचं कारण मला इथे उमगतं.

मागच्या आषाढीच्या सुमाराला आम्ही वारीचं खास वेळापत्रक चालवत होतो, जादा गाड्या, सगळ्या लूप भरलेल्या. मी तीन ठोके देऊन गाडी सोडली आणि ती भोकात शिरायच्या आत पलीकडून सहा ठोके आले. गाडी थांबवली. त्याच्याकडे पॉइंटवर डबा उतरून आडवा झाला होता. मी उठून तिकडे गेलो नाही. डबा त्याच्या स्टेशनात होता, उचलायचा तो त्याने. काही वेळाने त्याच्याकडून अडथळा दूर झाल्याचे चार ठोके आले, मी चार परत दिले, दोन देऊन पुन्हा विचारलं, दोन आले, आणि मगच गाडी पुढे गेली.

तुमच्या घरात, शेजारात कुणी असा रूळ मांडून बसत असेल तर एक विनंती आहे. नुसतं पाहून कौतुक करून परतू नका. पलीकडच्या स्टेशनावर बसा. घंट्यांचे ठोके शिकायला अर्धा तास पुरतो. आणि ज्या घरी मृत्यू झाला आहे तिथे गेलात तर लीला म्हणू नका; घरच्यांना काय हवं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.